मुक्कामाशिवाय ‘कॅम्प’ न लिहिणारे अण्णा

अण्णांची, म्हणजे श्री. महालिंग चौगुले यांची, माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या दैनिकाने माझ्या भाषणाची बातमी देताना मला एका पुढाऱ्याच्या ‘कॅम्पातील तरुण वक्ते’ म्हटले होते. मी कुणाच्याच कॅम्पात नव्हतो, आजही नाही. संतापून कोल्हापुरातल्या त्या कचेरीचा जिना चढलो. वृत्तसंपादकांच्या खुर्चीत अण्णा होते. माझा आवाज खाली रस्त्यापर्यंत जात असावा. ते शांतपणे म्हणाले, “पावणं, आधी चहा घ्या, मग भांडा. चहा गार झाला तर दुसरा मिळणार न्हाय.” दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आली, मूळ बातमीपेक्षा ठळक.

जुन्या पत्रकारितेत हा शब्द फार राबला. मंत्र्यांचा कॅम्प सर्किट हाउसवर असे. पोरांचा एनसीसीचा, म्हाताऱ्यांचा डोळ्यांचा, दुष्काळात गुरांचा. पुढाऱ्यांचे दोन कॅम्प पडत आणि एकातून दुसऱ्यात उडी मारणाऱ्याला पहिले पान मिळे. अण्णा मात्र जपत ते बातमीच्या डोक्यावरचा कॅम्प. ‘कॅम्प गारगोटी’ म्हणजे आपला बातमीदार गारगोटीत मुक्कामाला आहे. जो त्या गावी झोपला नाही, त्याला अण्णा तो शब्द लिहू देत नसत. “जेवलासा कुठं? घरात? मग कॅम्प काय एसटीत पडला व्हता?”

एका महापुरात कुरुंदवाडच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. मी तिथे मदतीला होतो. भाकऱ्यांचे आवाहन छापायला कचेरीत आलो, तेव्हाच सरकारी पत्रक येऊन पडले होते: पाणी ओसरले, घरे राहण्यायोग्य आहेत, परवापासून कॅम्प बंद.

दैनिकाचे मालक म्हणाले, “अण्णा, वर ‘कॅम्प कुरुंदवाड’ टाका आणि सोडा की. आपला माणूस तिथं हाय असं तरी वाटंल.”

“मालक, लोक आपलं वाचून पोरंबाळं घेऊन घरात शिरतील. तिथं आपलं कोण निजलंय?”

“मग खुर्ची रिकामी करा.”

अण्णांनी चष्मा खिशात घातला आणि माझ्याबरोबर भाकऱ्यांच्या टेम्पोत चढले. त्या रात्री ते शाळेच्या फरशीवर, लोकांच्या रांगेत झोपले.

सकाळी त्याच रांगेतल्या यल्लव्वाअक्का त्यांना आपल्या मातीच्या घराकडे घेऊन गेल्या. “अण्णा, बोट लावून बघा की. भित न्हाय ऱ्हायली, कालवल्यालं पीठ झालंय. हिच्या बुडात पोरं निजवू व्हय?”

तेवढ्यात पाहणीला अधिकारी आले. मी त्यांच्यावर गरजू लागलो. अण्णांनी माझी बाही ओढली. “वक्ते, जरा दम खावा. तुमच्या आवाजानंच भित पडंल.” मग अदबीने त्यांनी साहेबांना आत बोलावले. “या साहेब, निवांत बसू. चहा मागवतो.”

साहेब उंबऱ्याबाहेरच थांबले. “नको, मी इथंच बरा आहे.”

“मग पोरं आत कशी बरी ऱ्हातील, साहेब?”

अण्णांनी हा संवाद टेलिफोनवरून कचेरीला जसाच्या तसा सांगितला. खुर्ची रिकामी करायला सांगणाऱ्या मालकांनी छापताना त्यातला एक शब्दही कापला नाही, हे त्यांचेही मोठेपण. कॅम्प बंद करण्याचा हुकूम मागे घेतला गेला. त्याच आठवड्यात अक्कांची भिंत आतल्या बाजूला कोसळली. घरात कोणी नव्हते. मी अण्णांना म्हटले, “आता मोठा मथळा द्या, आम्ही म्हणालो होतो म्हणून!” ते म्हणाले, “तिचं घर पडलंय, आणि आपण मिरवायचं?” आणि त्यांनी मदतीचे आवाहन लिहायला घेतले.

आज गार खोलीत बसून बातमीवर वाटेल त्या गावाचे नाव चिकटवले जाते. मी याला पत्रकारिता मानत नाही. जिथे पाऊल टाकले नाही, तिथल्या माणसांच्या जगण्यामरण्याचा निवाडा देणे हा गुन्हा आहे, आणि हे मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगेन.

अण्णांच्या पंचाहत्तरीचे आमंत्रण घेऊन मी कुरुंदवाडला गेलो. अक्का आता नाहीत. त्यांचे थोरले चिरंजीव गोठ्यात धार काढत होते. आमंत्रण वाचून त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, “भाषणात दुसरं काय बोलू नगासा. अण्णांस्नी आयुष्य मागा. आमचं त्यांनी मागून घेतलंय.”

म्हणून देवापुढे आणि तुम्हा सर्वांपुढे, आयुष्यात प्रथमच आवाज न चढवता, मी तेवढेच मागतो.