घट्ट पाणी

मनुबाईवर हरणाबाईचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. इतकं गोड बोलणाऱ्या बाईच्या पोटात काय असतं, हे सासरी तीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही.

गोष्ट शहाण्णव सालची. हरणाबाईचे मालक नानासो पलटणीतले हवालदार. पेन्शनीवर येऊन त्यांनी तासगावाकडं द्राक्षबाग लावली, आणि तीन वर्षांत हातातली कात्री गळायला लागली. डोकं शाबूत, पण डोक्याचा हुकूम हातापायांना पोचेना. मग जिभेलाही पोचेना. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. एकटीच्यानं उचलणं होईना, म्हणून कुपवाडच्या वाटेवरच्या संस्थेत त्यांना ठेवलं. अशा माणसांना शेवटपर्यंत तिथं सांभाळत. सांभाळणारी ही मनुबाई, पाटणकडची. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं नऊ वर्षं केलेली.

दर गुरुवारी हरणाबाई एसटीनं यायची, घरच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या फडक्यानं तोंड बांधून. आणि दर गुरुवारी मनुबाई तो काढून घ्यायची.

"ऱ्हाऊ द्या वैनी, साध्या पाण्यानं ठसका लागतो. मी करून देते मागनं."

ठसका कुणाला लागत नाही? आणि पाणी काय करून द्यायचं असतं? खाटेजवळ पेला दिसेना, नानासोंचे ओठ कोरडे. दारात आलेल्या परक्याला आधी पाणी मिळतं, आणि या बाईच्या राज्यात घरधन्याला घोट नाही. तहानेनं मारून खाट रिकामी करायचा बेत दिसतोय, असं हरणाबाईनं मनाशी पक्कं केलं.

एका मंगळवारी ती न सांगता आली. भाऊ लालासाहेब जीप घेऊन फाटकाशी थांबला. मालकांना आज घरी न्यायचंच होतं. आत जाण्याआधी तिनं खिडकीतून डोकावलं.

मनुबाई शेजारच्या रिकाम्या खाटेवर उशांना टेकून पसरलेली. मान मागं टाकून चमच्यानं काहीतरी पीत होती. नानासो बघत होते.

"सापडलीस का न्हाई?" हरणाबाई दारातूनच म्हणाली. "पेशंटाचं खाऊन वर लोळायचं?"

उत्तराची वाट न बघता तिनं तांब्याचं फडकं सोडलं आणि तांब्या नानासोंच्या ओठांना लावला. एक घोट गेला. दुसऱ्या घोटाला त्यांचे डोळे मोठे झाले, ओठ निळे पडायला लागले. खोकायचं बळही त्यांच्यात नव्हतं. मनुबाईनं झेप घेऊन त्यांना पुढं वाकवलं, छातीला हात देऊन पाठीवर थापटलं. बराच वेळ. मग श्वास आला.

हरणाबाईनं तांब्या खाली ठेवला.

मनुबाई रागावली नाही. "कालपासनं त्यास्नी पेजबी अडकाय लागलीया वैनी. मान मागं टाकली की कसं अडकतंय, पुढं किती वाकवली की सरळ उतरतंय, ते माझ्यावरच बगत हुते. त्यांच्यावर चुकून कसं चालंल?"

मग तिनं त्याच तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, शिजवून गार केलेली नाचणीची पेज त्यात घातली, आणि चमच्यावर थरथरत राहील इतकं घट्ट घोटलं. "पातळ पाणी श्वासाच्या नळीत शिरतंय, घट्ट सावकाश उतरतंय."

"सरक," हरणाबाई म्हणाली. "आधी मला पाज."

ती पदर खोचून खाटेवर टेकली. मनुबाईनं तिची हनुवटी छातीकडं वाकवली, चमचा दिला. घशातून ते सावकाश, न अडखळता उतरलं. नाचणीच्या आड विहिरीची चव होती.

"पाणी आमचंच हाय," तिला कबूल करावं लागलं.

नानासोंना हसता येत नव्हतं, पण डोळ्यांतून हसायचं ते हसले. तिनं चमचा घेतला, त्यांची हनुवटी वाकवली. एक घोट उतरला. दुसराही.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. हरणाबाई खिडकीशी गेली. "दादा, तू जा रं. मी एसटीनं यीन."

मग मनुबाईला म्हणाली, "आता पुन्यांदा कालव. माझ्यासमोर. काय काय घालतीस ते बघू दे."