हरिबाचा अजेंडा

सोसायटीच्या दारासमोर माझं चहाचं हॉटेल हाय. मी गहिनीनाथ. हरिबाचं ह्या लोकांनी जे केलं, ते आठवलं की अजून माझं डोकं सणकतं. सांगताना तोंडातून वाकडं गेलं तर ऐकून घ्या.

हरिबा आमच्या दूध सोसायटीचा शिपाई. वीस वर्षं त्याचं एकच काम, अजेंडा फिरवायचा. म्हंजे मिटिंगची नोटीस घेऊन सायकलवर दर संचालकाच्या वस्तीवर जायचं अन् पोच म्हणून सही आणायची. त्याला वाचता येत न्हाई, पर कुणाची सही कोणती ते कागद उलटा धरला तरी सांगायचा. घरी बायको सारजाबाई अन् लाल कंधारी बैलांची जोडी. वासरं व्हती तवापासून वाढवलेली. पोळ्याला आधी हरिबाची जोडी निघायची, मग गाव निघायचं. सारजाबाई म्हणायची, "ह्यो माणूस माझ्याशी कमी अन् बैलांशी जास्त बोलतो."

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस न्हाई. सरकारचं पत्र आलं, सोसायटीनं गावच्या जनावरांसाठी चारा छावणी चालवावी. चारा सरकारचा. संचालकांचा फक्त एक ठराव पाहिजे. एक!

अकरा संचालक. त्यातले चेअरमन उन्हाळ्याच्या तोंडाला वारले. राहिले दहा. पाच विठ्ठलरावांचे, पाच राधाकिशनचे. विठ्ठलराव म्हणतात, छावणी माझ्या रानात. राधाकिशन म्हणतो, माझ्या. ज्याच्या रानात छावणी त्याला शेणखत, त्याचा बोर्ड, त्याचं नाव. अन् चेअरमन बी दोघांनाबी व्हायचं. एकानं सोसायटीला कुलूप घातलं, तर दुसऱ्यानं त्याच्यावर आपलं घातलं. दूध संकलन बंद. लोकं सकाळी कॅन घेऊन यायची अन् दोन कुलपं बघून माघारी जायची. खासगी टेंपोवाला निम्म्या भावानं दूध न्यायचा, वर उपकार केल्यासारखं तोंड करायचा. माझं हॉटेल बी ओस पडलं. पर माझं सोडा.

मिटिंग कशी होणार? सहा माणसं बसल्याबिगर कोरम न्हाई. पाच आले की दुसरे पाच गायब. तहकूब! पुन्हा अजेंडा, पुन्हा हरिबा सायकलवर. एक संचालक आत लपलेला, बायको दारात. "मालक बीडला गेलेत." उंबऱ्यात मालकाच्या चपला, आतून मालकाचा खोकला. बीडहून ऐकू येणारा खोकला मी तरी दुसऱ्या कुणाचा ऐकला न्हाई! हरिबा दुपारभर उन्हात बसायचा, सही घेऊनच उठायचा.

पाच आठवड्यांत चार अजेंडे. तोवर त्याचा कडबा संपला. मग त्यानं स्वतःच्या छपराचं गवत उपसून बैलांना घातलं. सारजाबाई उघड्या घरात भाकरी थापायची. एक बैल बसला तो उठंना. आमी चौघांनी पोटाखालून दोर घालून उठवला.

हरिबा विठ्ठलरावांकडं गेला. "मालक, छावणी कुठं बी उघडा, पर उघडा."

"हरिबा," ते म्हणले, "तुझं काम अजेंडा फिरवायचं. मत द्यायचं न्हाई."

मग राधाकिशनकडं गेला. त्यानं चहा पाजला अन् म्हणला, "हा तत्त्वाचा प्रश्न हाय."

तत्त्व! बैलाच्या बरगड्या मोजून घ्या, अन् ह्याला तत्त्व सुचतंय!

बाजारच्या दिवशी हरिबा जोडी घेऊन चालत गेला अन् एकटा आला. माझ्या बाकड्यावर बसला. मी चहा ठेवला, त्यानं हात लावला न्हाई. कुणाला दिली, ते मी विचारलं न्हाई. त्या वर्षी बैल कोण घेत व्हतं, ते सगळ्यांनाच ठावं व्हतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तहसीलचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत ठराव न्हाई आला तर छावणी शेजारच्या गावाला. अन् काय सांगू! अर्ध्या तासात दहाच्या दहा हजर. ना अजेंडा, ना पोच, ना सही. दोन्ही कुलपं निघाली. निम्मी छावणी ह्याच्या रानात, निम्मी त्याच्या. बिनविरोध! माझा चहा उकळेपर्यंत ठराव झाला सुदिक.

उद्घाटनाला मंडप, हार, फोटोवाला. दोघं शेजारीशेजारी, हसतायत. विठ्ठलराव म्हणले, "हरिबा, तुझी जोडी आण. पहिली पूजा तिची. फोटोत शोभंल."

"इकली, मालक."

"आं? कवा?"

"चौथा अजेंडा फिरवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

राधाकिशन हळहळला. "अरं येड्या, दोन दिस थांबायचं की!"

माझ्या हातात चहाची किटली व्हती. ती त्याच्या डोक्यावर ओतली न्हाई, हे माझं चुकलंच.

हरिबा चालत गेला अन् पहिल्या खुट्याजवळ जाऊन हुबा राहिला. मान खाली घालून म्हणला, "घाला हार. वीस वर्षं तुमच्याच दावणीला हाय."

कुणी हार उचलला न्हाई. मग एकानं घाईनं कुणाची तरी गाय आणून त्याच खुट्याला बांधली. विठ्ठलरावांनी हळद-कुंकू वाहिलं, हार घातला अन् फोटोवाल्याकडं बघितलं. फोटोवाला ओरडला, "ओ शिपाई, बाजूला सरका, फोटोत येताय."

हरिबा सरकला न्हाई.