शेवटची मादी

"मासा मेला तर आधी पाणी तपासायचं, मग रडायचं," असं माझे पुण्यातले सर वीस वर्षांपूर्वी म्हणाले होते.

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या लंडनच्या मत्स्यालयात एका वाळवंटी माशाच्या जातीतली शेवटची मादी गेली. हे मासे ज्या एकाच झऱ्यात राहायचे, तो तर कधीच आटलाय. मी पाणी तपासलं. तापमान, क्षार, सगळं बरोबर होतं. ती म्हातारी झाली होती, इतकंच.

आता दोन नर उरलेत. दुपारी मॅनेजर हळूच म्हणाली, "अनु, यांना पिल्लं तर होणार नाहीत. औषध देऊन संपवूया. टाकी दुसऱ्या माशांना हवीय."

तिचंही चूक नाही. तरी घरी येताना ट्रेनमधून मॅनेजरला विनंती लिहिलीय. ती नाहीच म्हणेल. पण मी एवढंच मागितलंय, की हे दोघे आपणहून जाईपर्यंत त्यांना तिथेच राहू दे.