विहीर वाचवणाऱ्या बायका परिशिष्टात?

मंडळी, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आज दुपारी आमच्या एमएच्या ग्रुप थीसिसची तोंडी परीक्षा झाली. विषय होता शाश्वत विकासासाठी नेतृत्व. ग्रुपमध्ये मी, रोहन आणि परळच्या चाळीत वाढलेली स्नेहा. तिच्या चाळीतल्या बायकांनी गिरणी संपात एकत्र चूल मांडून घरं जगवली. पुढे बिल्डर चाळीची विहीर बुजवायला आला, तेव्हा त्याच आडव्या आल्या. चाळ आजही ते पाणी वापरते. आमचं मुख्य प्रकरण हेच.

परीक्षक म्हणाले, "हे फार भावनिक आहे, परिशिष्टात टाका. त्यापेक्षा परळच्या बंद पडलेल्या मिलच्या जागेवर जो पर्यावरणपूरक ग्रीन टॉवर झालाय, तो घ्या. खरी लीडरशिप तिथे आहे."

स्नेहाचे आजोबा त्याच मिलमध्ये होते. ती ताडकन म्हणाली, "सर, तिथली आमची माणसं रस्त्यावर आली. आता गच्चीवर बाग केली की झालं?"

"मग मार्क कमी होतील."

रोहन म्हणाला, "होऊ देत सर." मीही तेच म्हटलं.

प्रकरण जागेवर राहिलं आणि आम्ही जेमतेम पास झालो. बाहेर येऊन स्नेहा रडली. मला तर रडूही येईना, इतका राग आलाय.

तुम्हीच सांगा, या बायकांना लीडर म्हणायला अजून काय हवं होतं?