वर्षभर पुरणारं रबर

आमच्या मामांना सगळे टिकाऊमामा म्हणत. नाव मामीनं ठेवलेलं, आणि मामांनी ते एखादी पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की त्यांचा पहिला प्रश्न असे, टिकेल का? रंग, रूप, सोय या गोष्टी नंतरच्या, आणि बहुतेक वेळा त्या विचारायच्या राहूनच जात. त्यांच्या घरातलं लोखंडी कपाट इतकं जड होतं की ते एकदा जिथे टेकलं, तिथून पुढे खोलीनंच आपली रचना बदलून घेतली. छत्री अशी की उघडायला जोर लागे आणि मिटायला अक्कल. चपलांचे तळवे टायरचे. मामा गल्लीच्या तोंडाशी आले की घरात मामीला आवाज जाई आणि ती चहा टाकी. ते दारात येईपर्यंत चहाला उकळी फुटलेली असे.

धंदा रोलिंग शटरचा. दुकानांची शटरं बसवायची, अडकलेली सोडवायची, गंजलेल्या पट्ट्या बदलायच्या. शटरं बिघडली तरच ज्याचं पोट चालणार, त्या माणसाला बिघडणाऱ्या वस्तूंची इतकी चीड असावी, हे आम्हाला कधी कळलं नाही. मामांनी बसवलेलं शटर पुन्हा बिघडत नसे. म्हणजे गिऱ्हाइकाला परत यायचं कारणच उरत नसे. मामी म्हणायची, "हे धंदा करत नाहीत हो, धंद्यावर सूड उगवतात."

आपलं लग्न कसं ठरलं, हेही ती याच चालीवर सांगायची. यांनी मला एवढंच विचारलं, आजारी पडतेस का? म्हटलं, मला सर्दीसुद्धा होत नाही. तेवढ्यावर पसंत केलं. यावर सगळ्यात मोठ्यानं मामाच हसायचे.

पुढे मामीच्या हाडांत रोग शिरला. कण्याची हाडं आतून पोखरत चालली. इस्पितळ दुसऱ्या गावात, आणि दर काही आठवड्यांनी तिथे जाऊन सलाइनमधून औषध घ्यायचं. औषधानं रोग जाणार नव्हता, जरा दमानं पुढे सरकणार होता, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली होती, की काही झालं तरी हिसके बसू देऊ नका.

आता जायचं कसं? शेजाऱ्यांनी आपली मोटार आपणहून दारात आणली. पण मोटारीची सीट खाली, आणि मामीला वाकता येईना. ती अर्धी आत आणि अर्धी बाहेर अडकली. हसायला लागली, आणि हसल्यानं दुखलं म्हणून रडायला लागली. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तर म्हणाली, आडवी होऊन जायची वेळ येईल तेव्हा जाईनच की, तोवर मी बसून जाणार. राहता राहिली मामांची पिकअप. तिची सीट बरोबर मामीच्या कमरेच्या उंचीला. पाठ करून टेकायचं, मग पाय उचलून आत फिरवायचे. झालं.

पिकअप जुनी होती. कंपनीनं ते मॉडेल काढायचं कधीच बंद केलं होतं. मागे शटरच्या पट्ट्या भरल्या की ती पोक्त माणसासारखी चाले, आणि रिकामी झाली की शाळा सुटल्यासारखी उड्या मारी. म्हणून मामांनी मामीसाठी मागे वाळूच्या गोण्या टाकल्या. तरी एकदा इस्पितळातून येताना एका गतिरोधकावर गाडी आपटली आणि मामीनं दाराची मूठ घट्ट धरली. ती ओरडली नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाबद्दल मत असणारी बाई घर येईपर्यंत गप्प राहिली. मामांनी तिला आत निजवलं आणि गाडी तशीच मिस्त्रींच्या गॅरेजला नेली. मी बरोबर होतो.

मिस्त्री गाडीखाली गेले आणि आतूनच बातमी देऊ लागले. जिथे लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं तिथे मधे रबराची जाड कडी असते, तिला बुश म्हणतात. इंजिन आणि केबिन ज्यांच्यावर बसवलेली असतात ते रबरी ठोकळे म्हणजे माउंटिंग. या गाडीतली सगळी बुशं आणि सगळी माउंटिंग शिळ्या पावासारखी वाळून भुगा झाली होती. मिस्त्री म्हणाले, लोखंड लोखंडावर आपटतंय, धक्का गिळायला मधे कुणी उरलेलंच नाही. मामांचा चेहरा खुलला. रोग सापडला होता, आणि हा रोग बदलून मिळणारा होता.

स्पेअर पार्टच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा काउंटरवाल्यानं दोन प्रकार काचेवर ठेवले. एक काळं मऊ रबर. दुसरं पिवळं, टणक, प्लास्टिकच्या जातीचं. त्याला ते लोक पॉली म्हणतात. मामांनी सवयीनं पिवळं उचललं आणि मग, मी कधी पाहिलं नव्हतं असं, ते खाली ठेवून काळं घेतलं. अंगठ्यानं दाबलं. ते दबलं. पुन्हा दाबलं. मऊ लागतं हो, ते स्वतःशीच म्हणाले.

काउंटरवाला चांगला माणूस होता. बसणारं माणूस नाजूक असेल तर हेच न्या, म्हणाला. धक्का अंगावर येणार नाही. आणि मग प्रामाणिकपणे पुढे सांगितलं, "पण काका, जुनी गाडी आहे. वर्ष निघेल. फार तर थोडं जास्त."

त्या बिचाऱ्याला काय माहीत. आदल्याच महिन्यात मामांनी डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून आपला नेहमीचा प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला होता, आणि त्यांनीही हेच उत्तर दिलं होतं. वर्ष, फार तर थोडं जास्त. शब्दात फरक नव्हता.

मामांनी काळं रबर काचेवर ठेवलं, बोटानं पलीकडे सरकवलं. "वर्षभराचं नको," ते म्हणाले.

मग पॉली टाका, काउंटरवाला म्हणाला. गाडी भंगारात जाईल, पण ही तशीच राहतील. चालायला जरा कडक लागेल, एवढंच. त्याचं शेवटचं वाक्य मामांपर्यंत पोचलं नाही. ते पुड्या पिशवीत भरत होते.

पिवळी बुशं बसली, माउंटिंगही तशीच टणक बसली. गाडीची खडखड एकदम थांबली. मामांनी मला शेजारी बसवून एक चक्कर मारली आणि कशी वाटते म्हणून विचारलं. मी म्हटलं, घट्ट वाटते. खरं तेच होतं.

पण मामी बसली तेव्हा घट्ट म्हणजे काय ते कळलं. सिग्नलला गाडी थांबली की इंजिनाची सगळी थरथर सीटमधून वर येई. काच थरथरे, आरसा थरथरे, मामीची हनुवटी थरथरे. मी मागे गोण्यांवर बसलो होतो, तरी माझे दात वाजत होते. मामा मधून मधून विचारत, आता खडखड नाही ना? आणि ती सांगे, नाही हो, अजिबात नाही. येताना तिनं एका झाडाखाली गाडी थांबवायला लावली. दार धरून थोडा वेळ उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "रस्त्यावरचा खडा न् खडा कळतोय मला. एकही सुटत नाही."

घरी आल्यावर ती बरेच दिवस अंथरुणातून उठली नाही. कण्यातलं आणखी एक हाड खचलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की हे नुसत्या खोकल्यानंही झालं असतं. मामांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्यातलं काहीही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते काळं रबर मागत पुन्हा स्पेअर पार्टच्या दुकानात उभे होते. काउंटरवाल्याला वाटलं, पार्ट खराब निघाला. त्यानं सांगून पाहिलं, काका, नवी कोरी आहेत, आयुष्यभराची आहेत, मऊ घालून काय मिळवणार?

मामा काचेखालच्या नटबोल्टांकडे बघत होते. "वर्षभर टिकली तरी पुरेत," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. काउंटरवाला खोकं शोधायला आत गेला. आम्ही दोघं तो येईपर्यंत मोठ्या जिज्ञासेनं ऑइलचे डबे न्याहाळत राहिलो.

रबराचं एक तंत्र असतं. पिवळी बुशं गाडी जॅकवर असताना आवळली तरी चालतात. रबर तसं आवळलं तर ते पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी पाहिजे, रोज जेवढं ओझं असतं तेवढं आत पाहिजे, आणि मगच बोल्ट आवळायचे. मिस्त्रींनी हे सांगितल्याबरोबर मामांनी ठरवलं, की मग तिला बसवूनच आवळायचे. मिस्त्री म्हणाले, एवढी गरज नाही. पण मामांसमोर कुणाचं चाललंय? मिस्त्री हत्यारं घेऊन घरी आले. मागे गोण्या, त्यांच्यावर मी, चालकाच्या सीटवर मामा. मामी शाल गुंडाळून बाहेर आली, पाठ करून टेकली, पाय आत घेतले.

मिस्त्री गाडीखाली बोल्टला पाना लावून वाट बघत पडले होते. "वहिनी, बसा म्हणजे आवळतो."

"बसले की."

"बसा, बसा, घाई नाही."

"अहो मिस्त्री, केव्हाची बसलेय."

गाडी जरासुद्धा दबली नव्हती. मग मामीच हसली. म्हणाली, "जाऊ दे, आवळा तुम्ही. माझं काही धरू नका हिशोबात." मिस्त्रींनी पाना फिरवला. मामा स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

पण गाडी मऊ झाली. पुढच्या खेपेला गतिरोधक आला तेव्हा ती वाकली, उठली आणि पुढे गेली. आत कुणाला कळवलंसुद्धा नाही. मामी बोलायला लागली. रस्त्याकडेची बंद दुकानं बघत ती शटरांची उणीदुणी काढत होती. हे वाकडं आहे, हे तुमचं नाही. त्याला ग्रीस नाही, तेही तुमचं नाही. मामा मधेच म्हणाले, ते माझंच आहे. मग बदला, ती म्हणाली. केबिनच्या मागच्या उघड्या काचेतून मला दोघांचं हसणं दिसत होतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी नवे फोटो दिव्यासमोर धरले, बराच वेळ धरले, आणि मामांना बाजूच्या खोलीत बोलावलं. आता औषध लागू पडत नाहीये, त्या म्हणाल्या. उगाच प्रवासाचा त्रास देऊ नका, आता आणू नका, घरीच राहू दे. दुखणं कमी होईल अशा गोळ्या लिहून देते.

मामांनी सांगितलं, "डॉक्टर, गाडी आता मऊ करून घेतलीय. तिला यायला त्रास होत नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "चांगलं केलंत," त्या म्हणाल्या, आणि गोळ्या लिहू लागल्या.

मामीनं काही विचारलं नाही. गाडीत टेकताना तिनं मामांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, तेवढं तिला पुरलं असावं. शटरांचा विषय निघाला नाही. गाव मागे पडलं आणि तिची मान हळूहळू एका बाजूला कलली. झोपली. दुखणं आल्यापासून तिला बसल्याबसल्या कधी झोप लागली नव्हती. मामांनी गाडी इतकी सावकाश घेतली की सायकलवाले पुढे जाऊन मागे वळून बघत होते.

घर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मामांनी दारासमोर गाडी उभी केली, पण इंजिन चालूच. मला वाटलं, विसरले. मागच्या काचेवर हलकेच बोट वाजवून मी खूण केली, बंद करा ना. त्यांनी काच इंचभर सरकवली.

"बंद करताना हिसका देते ही," ते कुजबुजले. "एकच. पण देते."

समोरचे शेजारी फाटकाशी आले आणि काय झालं म्हणून त्यांनी हातानंच विचारलं. मामांनी हातानंच सांगितलं, काही नाही. इंजिन सावकाश धडधडत होतं, डिझेल जळत होतं, आणि मामीचा श्वास त्याच तालावर चालला होता. मी उतरायला एक पाय खाली सोडला, तशी मऊ गाडी किंचित उचलली. मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पाय परत वर घेतला आणि गोण्यांवर बसून राहिलो.