मागून आणलेलं पीठ

दिवाळी सरली की माझं सासरचं गाव ओस पडतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात. देवगाव फाट्यावरून भरलेले ट्रॅक्टर निघतात. त्यांत भांडी, अंथरुणं, कोयते, पोरं आणि कुणाची तरी एखादी शेळीसुद्धा असते. मागं राहतात ती म्हातारी माणसं. त्यांना आता मोळी उचलवत नाही आणि थंडीत पालात झोपवत नाही. लेकरं जाताना थोडंफार धान्य ठेवून जातात, पण ते पुरत नाही. आणि पुरलं तरी दळून आणायचं कुणी, थरथरत्या हातांनी भाकरी थापायची कुणी?

ते काम माझ्या मोठ्या जाऊबाईंनी स्वतःकडं घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दारात चार शेळ्या. सकाळी शेळ्या सोडायच्या आधी त्या चूल पेटवायच्या आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या भाकरी थापायच्या. पीठ, डाळ कमी पडायची म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी यायच्या. आम्ही तिथंच राहतो, माझे मालक जिनिंगमध्ये कामाला आहेत. आमच्या भागातल्या गल्ल्या त्या एक-एक करून फिरायच्या आणि शेवटी चहाला माझ्याकडं यायच्या.

त्यांची मागायची रीत मी पाहिली होती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. पदर सावरून पायरीखाली उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "माय, जादा पीठ असलं तर द्या. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांसाठी मागायलेय." कुणी नाही म्हटलं तर राग नाही. घरातल्या लेकरांची खुशाली विचारून पुढच्या दाराला. बाया त्यांना ओळखायला लागल्या होत्या. कुणी ज्वारीचं पीठ काढून ठेवायचं, कुणी तुरीची डाळ, कुणी जुनं स्वेटर.

मग एका वर्षी आमच्या शेजारच्या गल्लीत दोन माणसं आली. आजारी लेकराचा फोटो दाखवून मदत मागत होती. एकट्या राहणाऱ्या एका आजी धान्य आणायला आत वळल्या, तेवढ्यात मागून घरात शिरून त्यांच्या गळ्यातली पोत ओढली. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत.

त्यानंतर पालिकेच्या घंटागाडीवरून रोज सकाळी सूचना ऐकू येऊ लागली. परवानगीशिवाय घरोघर किंवा रस्त्यावर मदत गोळा करता येणार नाही, असं कुणी आढळलं तर कळवावं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या आजींना मी दवाखान्यात बघून आले होते. जाऊबाईंना कळवावं, हे माझ्या मनातही आलं नाही. त्या कुठं कुणाला फसवत होत्या? ही सूचना चोरांसाठी आहे, असंच मी धरून चालले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मालकांचा फोन आला. "मोबाईल बघ," एवढंच म्हणाले. आमच्या भागाच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. नव्या बंगल्यासमोर जाऊबाई उभ्या होत्या, खांद्याला झोळी. एक तरुण माणूस त्यांना विचारत होता, "परवानगी कुठंय? कोणत्या संस्थेची?" त्या गोंधळून सारख्या म्हणत होत्या, "बाबा, पीठ मागायलेय, दुसरं काय न्हाई." खाली लिहिलं होतं, संशयित महिला, सावध राहा. त्याखाली ओळखीच्या बायांनी सावध केल्याबद्दल हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या. त्यांना दर वर्षी डाळ देणारीही त्यांत होती.

मी धावत पालिकेत गेले. त्यांना तिथं आणून बाकावर बसवलं होतं. झोळी पायाशी होती. मला बघून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू कशाला आलीस गं? घर उघडं टाकून आलीस का?"

तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी जाऊबाईंना चहा पाजला होता. मला शांतपणे समजावून सांगितलं, "ताई, ह्यांच्यावर आमचा काही संशय नाही. पण ह्यांना सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कसं अडवू? संस्था नोंदवा, पोलिसांचं ना-हरकत आणा, मी लगेच परवानगी देतो."

"संस्थेला माणसं लागतील ना सायेब?" जाऊबाई म्हणाल्या.

"लागतील. गावातले काही जण घ्या, सह्या लागतील त्यांच्या."

"गावात कोणी न्हाई. समदे तोडीला गेलेत. पावसाळ्याच्या तोंडी येतील."

 साहेबांनी पंख्याखाली फडफडणारे कागद पेपरवेटखाली सरकवले.

मी जाऊबाईंना घरी आणलं, पण तिथंच थांबले नाही. तालुक्याच्या गावातल्याच एका नोंदणीकृत संस्थेच्या अध्यक्षांना भेटले. आमच्या संस्थेच्या नावावर गोळा करा म्हणाले, आनंदानं तयार झाले. पण एक दिवस मला गाडीत घेऊन ते आमच्या गावी गेले तेव्हा त्यांनी फलक आणला होता आणि फोटो काढणारा माणूसही. म्हाताऱ्यांना ओळीनं बसवून हातात पाकिटं दिली. सगळ्यांत थकलेल्या म्हातारीनं तोंडावर पदर घेतला.

"माझा फोटू काढू नका," ती म्हणाली. "माझं लेकरू कारखान्यावर हाय. त्याच्या मोबाईलात आला तर? माझी माय भीक मागायलीय म्हणंल त्यो."

अध्यक्ष म्हणाले, "आजी, फोटोशिवाय आम्हाला पुढं मदत कशी मिळणार?" ते खोटं नव्हतं. पण जाऊबाईंनी तिच्या हातातलं पाकीट घेऊन परत दिलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या दादा. आमी बघून घेऊ."

गाडी गेल्यावर त्या माझ्याकडं न बघताच शेळ्या घेऊन रानात गेल्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी दोन शेळ्या विकल्या. मी जमेल तसं पीठ पाठवत होते. भाकरी लहान होत गेल्या. पौषात गावातला एक बहिरा म्हातारा सकाळी उठलाच नाही. वय झालं होतं, थंडी लय होती, असं सगळे म्हणाले, आणि खरंही असेल. त्याचा मुलगा टोळीच्या मुकादमाच्या मोटरसायकलवर बसून माती द्यायला आला. जाताना जाऊबाईंच्या पाया पडला. भाकरी लहान झाल्याचं त्याला काही माहीत नव्हतं. "काकी, तुमी होता म्हणून," एवढंच तो म्हणाला. जाऊबाई घरात जाऊन बसल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं.

"लेकरू पाया पडलं माझ्या," त्या म्हणत राहिल्या. "पाया पडलं गं."

पुढच्या दिवाळीनंतर त्याच मुलाच्या टोळीबरोबर जाऊबाईही गेल्या. बाया फडात गेल्यावर पालावर पोरं सांभाळायला कुणी तरी हवं होतं. मी म्हटलं, "बाई, या वयात कशाला?" त्या म्हणाल्या, "इथं बसून म्हाताऱ्यांची तोंडं बघवंनात." उरलेल्या शेळ्या पिंगळीच्या भाच्याकडं दिल्या, घराला कुलूप लावलं आणि ट्रॅक्टरवर चढल्या.

परवा रविवारी मी पिठाची पिशवी घेऊन गावी गेले. मी परक्याच्या दारात नव्हते, मला कुणी काही विचारणार नव्हतं. फोटोवेळी तोंडावर पदर घेतलेली ती म्हातारी उन्हात भिंतीला टेकून बसली होती. पिशवी बघून म्हणाली, "पीठ ठिवून जाऊ नको माय. थापून दिऊन जा. माझ्यानं होत न्हाई आता."

मी तिच्या चुलीवर भाकरी केल्या. दोन दिवस पुरतील एवढ्या. कपड्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्या, वर झाकण घातलं. शेवटच्या गाडीची वेळ झाली होती. मी चप्पल घालायला लागले तशी तिनं विचारलं, "पुन्ना कवा येशील?"

मी म्हटलं, "बघते." तिनं मान हलवली आणि तोंड उन्हाकडं फिरवलं.