फुटलं की फोडलं

आमच्या वऱ्हाडात वस्तू कोणी फोडत नाही, त्या आपल्या आपणच फुटतात. कप फुटला, काच फुटली, बाक मोडला. करणारा गायब! वलगावजवळच्या आमच्या शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी नेमकं हेच बोलणं धरलं. नळ तुटला म्हटलं की त्या विचारायच्या, "तुटला का तोडला? कोनं?" मुलं असोत की शिक्षक, सगळ्यांना तोच प्रश्न. मला त्यांचा भारी राग यायचा.

नववीत असताना मायक्रोस्कोपचं भिंग फुटलं. कपाटाची किल्ली त्या आठवड्यात माझ्याकडे होती, म्हणून संशय माझ्यावर आला. मी हातही लावला नव्हता, पण ऐकतो कोण? बाबांना बोलावणं गेलं. ते झेंडूच्या वावरातून तसेच आले आणि चिखलाच्या पायांनी वर्गाच्या दाराशी उभे राहिले. घरी आधीच ठरलं होतं, एक तक्रार आली की शाळा बंद आणि ताईसारखं फुलं तोडायला वावरात.

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोनं फोडलं?"

मग विज्ञानाचे सर उठले. माणूस तिरसट, "गधे हो" म्हटल्याशिवाय आम्हाला हाक मारायचे नाहीत. ते बाबांकडे वळून म्हणाले, "भाऊ, पोरीचा काई कसूर नाई. म्या फोडलं. काल माह्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं कपाट उघडून स्लाइड पाहून राहिलो होतो, नळी जास्तच खाली नेली. सकाळी मीच 'फुटलं' म्हटलं अन् गप बसलो."

त्यांचे कान लाल झाले होते. मोठ्या बाई त्यांना रागावल्याही नाहीत आणि त्यांनी शाबासकीही दिली नाही. जो फोडेल त्यानंच वस्तू दुरुस्तीला न्यायची, हा त्यांचा नियम. सर मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन अमरावतीच्या एसटीत बसले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

गप्प राहणं त्यांना किती सोपं होतं! मी आज अकोल्यात शिकते आहे ती मोठ्या बाई आणि सर या दोघांमुळे. सरांचे उपकार तर मी जन्मात विसरणार नाही.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा तोडणीला निघाले. सुट्टीत जायची तशीच मीही टोपली उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू कायले? शाळा आहे ना तुले."